डोहातले तीन दगड

उन्हाळा लागला की अजूनही कोणी ना कोणी मला विचारतं, "गुरुजी, जंगल पाहायला केव्हा जावं?" केळझरच्या शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं, पण लोकांच्या लक्षात राहिलो तो जंगलातला जाणकार म्हणून. आमच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतल्या जंगलाला आता सगळे सरसकट नॅशनल पार्क म्हणतात. तिथल्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात काही वर्षं एक तक्ता टांगलेला होता. वर 'जंगल केव्हा पाहावे' असं लिहिलेलं, आणि खाली माझं नाव. त्या तक्त्यात अक्षर तेवढं माझं होतं. बाकी काही माझं नव्हतं. आता माझं वय झालं आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

तक्त्यातलं ज्ञान ज्याचं होतं, तो तिथे रोजंदारीवर मजूर होता. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, जंगलाच्या कडेला असलेल्या बौद्ध वस्तीत राहणारा. मी त्याला भाऊ म्हणायचो. हिवाळ्यात वणवा अडवण्यासाठी गवताचे पट्टे जाळायचे आणि उन्हाळ्यात नाल्यातल्या डोहावर राखण करायची, असं त्याचं काम. अकरा वर्षं तो असाच रोजावर होता. चौकीदाराची एक कायम जागा निघणार होती आणि ती त्यालाच देऊ, असा वनखात्याच्या साहेबांनी शब्द दिला होता. त्याची मुलगी तेव्हा चौथीत होती. "जागा भेटली का पोरीले वर्ध्याच्या शाळेत टाकतो," हे तो मला दर भेटीत सांगायचा.

आमची ओळख आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यातली. मी शाळेची सहल घेऊन गेलो होतो. दिवसभर फिरून मुलांना वानरं दिसली, एक मोर दिसला, आणि उरला नुसता उंच गवताचा पिवळा समुद्र. परतताना हा नाल्याकाठी विळा घासत बसलेला होता.

"गुरुजी, काय पाह्यलं पोरायनं?"

"वानरं."

"ते तं केळझरात घरावरच्या कवेलूवर बी बसून राह्यते. इतक्या दूर काऊन आणलं लेकरायले?"

मुलं हसली. मला राग आला. मी विचारलं, "मग कोणत्या महिन्यात यायचं ते तरी सांगा."

"जंगलाले महिना नाई समजत गुरुजी. त्याले पाणी समजते. होळी झाली का येजा, दगड दाखवतो तुमाले."

होळी झाल्यावर मी सायकलवर गेलो. त्यानं मला डोहाकाठी नेलं. काळ्या कातळात खोल गेलेला तो डोह, वरून जांभळीची सावली. पाण्यातून एका दगडाचं टोक वर आलं होतं. "हे टोपी," तो म्हणाला. "हे निंघाली का पळस फुलला समजा. पाखरं पाहाले आता यावं." खरंच, मागची अख्खी टेकडी पेटल्यासारखी झाली होती. पानाचं नाव नाही, सगळी फुलं, आणि प्रत्येक फुलात चोच घालणारी पाखरं. मी जन्मापासून पळस पाहत आलो होतो. पण पळसाचं रान असं दिसतं, हे मला तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

पाणी आणखी उतरलं की पाट्यासारखा चपटा दुसरा दगड निघायचा. तेव्हा मोह गळायचा. त्या दिवसांत त्यानं मला पहाटे नेलं. मोहाखाली फुलांचा सडा पडलेला, हवेत गोड, जड वास, आणि त्या सड्यात एक अस्वल पाठीवर पिल्लू घेऊन फुलं ओढत होतं. त्याच्या ओठांचा फुर्र फुर्र आवाज आम्हाला इतक्या लांब ऐकू येत होता. भाऊनं माझं मनगट धरलं होतं. मी पळेन असं त्याला वाटलं असावं, आणि ते खोटं नव्हतं.

तिसरा दगड सगळ्यांत खाली. त्याचं नाव म्हैस, कारण पाणी उतरलं की तो बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा दिसे. "म्हैस निंघाली म्हणजे साऱ्या जंगलातलं पाणी आटलं. मंग साऱ्यायलेच इथं यावं लागते. त्यालेबी." त्याला म्हणजे कोणाला, हे त्यानं सांगितलं नाही. वाघाचं नाव तो जंगलात घेत नसे. आणि पाण्यावर बसलं की एक शब्दही बोलायचा नाही, हा त्याचा दुसरा नियम.

वैशाखातल्या भर दुपारी आम्ही फांद्यांच्या आडोशाला बसलो होतो. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. आधी मोर आले, मग चितळांचा कळप. एकाएकी सगळ्या माना एका दिशेला वळल्या. कोणी पळालं नाही. पाणी अर्धवट सोडून ते सावकाश मागे सरले, जसे लग्नघरात मोठं माणूस आलं की लोक जागा देतात तसे. आणि सागाच्या वाळक्या पानांवर पायाचा जराही आवाज न करता तो आला. काठाशी येऊन त्यानं आमच्या बाजूला पाठ केली नाही, पाण्याकडे केली. मग उलटा चालत, आधी मागचे पाय, मग कंबर, असा तो पाण्यात बसला. तोंड जंगलाकडे. तो बसला तेव्हा डोहाचं पाणी हललं आणि म्हशीच्या पाठीवर दोन बोटं चढलं. मी त्या दोन बोटांकडे पाहत राहिलो. त्याच्याकडे सलग पाहण्याची माझी हिंमत नव्हती. माझे डोळे का भरून आले, ते मला आजही सांगता येणार नाही. इतकं मोठं काही आपल्या घरापासून सायकलच्या अंतरावर दर वर्षी घडत होतं, आणि मी त्या वेळी घरात पंख्याखाली झोपलेलो असायचो.

दोन उन्हाळे मी त्याच्याबरोबर असा बसलो. मग एकदा साहेब म्हणाले, "गुरुजी, पाहुणे विचारतात केव्हा यावं. तुम्ही काही लिहून द्या." मी ड्रॉईंग शीट घेतला आणि दगडांचे महिने केले. टोपी म्हणजे मार्चचा दुसरा पंधरवडा, पाटा म्हणजे एप्रिलची सुरुवात, म्हैस म्हणजे एक ते वीस मे. दगडांचा उल्लेख मी कुठेच केला नाही. पाहुण्यांना तो गावंढळ वाटेल असं मला वाटलं. त्याचं नावही घातलं नाही. मजुराचं नाव वाचून कोण विश्वास ठेवील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण एवढंच की मला ते नाव माझं हवं होतं. त्याला तक्ता दाखवला तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. "अक्षर मोत्यावानी हाय," एवढंच म्हणाला.

पहिली दोन वर्षं तक्ता बरोबर ठरला. नागपूरहून लोक आले, वाघ पाहून गेले, मला पत्रं लिहू लागले. तिसऱ्या वर्षी चैत्रात चार-पाच दिवस अवकाळी पाऊस कोसळला. साहेबांचे वरिष्ठ मे महिन्यात सहकुटुंब येणार होते. त्याच्या आठ दिवस आधी भाऊ माझ्या घरी आला. उन्हात चालत आला होता.

"गुरुजी, म्हैस निंघाली नाई. पाटाबी अजून अर्धा पाण्यात हाय. जागोजागी डबके भरले, जनावर डोहावर काऊन येईन? पाहुण्यायले पंधरा दिवस थांबाले सांगजा."

"तक्त्यात मे लिहिलंय ना भाऊ."

"तक्ता तुमी लिवला. पाऊस वरून आला."

मी साहेबांना काही कळवलं नाही. माझा तक्ता चुकला असं मला कोणाला सांगायचं नव्हतं.

पाहुणे तीन दिवस बसले. हिरव्या, ओल्या जंगलात त्यांना काही दिसलं नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "कशाच्या आधारावर लिहिलं होतं हे?" मी म्हणालो, "त्या डोहावरच्या मजुरानं सांगितलं तसं लिहिलं." तो दहा पावलांवर पाण्याची कळशी घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कळशीकडे.

चौकीदाराची जागा दुसऱ्याला मिळाली. भाऊला आंजीकडच्या रोपवाटिकेत खड्डे खणायला पाठवलं. शेवटपर्यंत तो रोजावरच राहिला. मुलगी वर्ध्याच्या शाळेत गेली, पण चार वर्षं उशिरा, मामाच्या घरी राहून.

सात-आठ वर्षांनी तो मला आंजीच्या बाजारात भेटला. केस पांढरे झाले होते. "म्हैस दिसते का अजून?" त्यानं विचारलं. मी त्यानंतर गेलोच नव्हतो. तो म्हणाला, "चाला मंग, यंदा निंघाली असन."

त्या दुपारी आम्ही पुन्हा त्याच जागी बसलो. म्हशीची पाठ पूर्ण कोरडी होती. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. पण पाण्यावर बोलायचं नसतं. मी त्याच्या नियमाच्या आड लपलो. वाघ आला नाही. संध्याकाळी एक सांबर आलं, शिंगावर शेवाळाची जाळी घेऊन, आणि इतकं जवळ उभं राहिलं की त्याच्या पोटात जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. भाऊ त्याच्याकडे पाहून हसत होता, जणू त्यालाच भेटायला तो आला होता. परत निघाल्यावरही मी बोललो नाही. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

त्याची मुलगी आता निवृत्त शिक्षिका आहे, वर्ध्यात राहते. ही पानं आधी मी तिला वाचायला दिली. तिनं माझ्यासमोरच वाचली आणि चष्मा काढून पुसला.

मग म्हणाली, "बाबांना आम्ही किती वेळा विचारलं, तुमाले डोहावरून काऊन हलवलं. ते दरवेळी एकच सांगायचे. त्या साली चैत्रात पाऊस लई पडला, म्हणायचे."