खरीप, रब्बी आणि बारमाही सीडी

२०१० च्या मे महिन्यात बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या एका टायपिंग केंद्रातल्या चारही संगणकांवर कन्नड लिपी बसेना. केंद्र माझ्या थोरल्या बहिणीचं. घरी आम्ही तिला अक्का म्हणतो. जूनमध्ये मुलींची नवी तुकडी यायची होती. त्यातल्या बऱ्याच जणींना मराठीबरोबर कन्नड हवं होतं. ते जमलं नसतं तर त्या शिकायला भालकीला गेल्या असत्या आणि केंद्र बंद पडलं असतं.

संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, टपालानं फुकट आलेल्या सीडीवरचं. सीडी दोन होत्या, 8.04 आणि 8.10. लिनक्सवाल्यांच्या साइटवर याच आवृत्त्या जनावरांच्या इंग्रजी नावांनी ओळखल्या जात. अक्कानं मोठा आकडा घेतला. आमच्याकडं तुरीचं बियाणं असंच घेतात, आकडा मोठा तो वाण नवा. पण इथला आकडा म्हणजे नुसतं वर्ष आणि महिना होता, 8.10 म्हणजे २००८ चा ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या आवृत्तीची मुदत दीड वर्षाची, ती एप्रिलअखेर संपली. तिच्या आधीची एप्रिलची आवृत्ती तीन वर्षांची, ती चालू होती. मुदत संपली की इंटरनेटवरून नवं काही उतरत नसे. कन्नड लिपी तिथंच अडली होती.

बीदरच्या मैलूर भागातला दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला.

"अक्का, फुकटचं हाय म्हणून असं व्हायलंय. माझ्याकडली विंडोज टाकतो."

"चोरीची?"

"समदं बीदर त्याच्यावर चालायलंय."

"चालू दे. मागच्या साली तुझ्या त्याच सीडीनं पोरींच्या फायली खाल्ल्या. तवा कुठं होतास?"

"लग्नाला गेलतो."

"मग आताबी जा एखाद्या लग्नाला."

मी त्या वेळी बीदरला वार्ताहर होतो. सुट्टीला घरी आलो, तेव्हा लिनक्सवाल्यांच्या चर्चापानावर कन्नड लिपी का बसत नाही, हा अक्काचा प्रश्न मी इंग्रजीत टाकला. उत्तर तासाभरात आलं: मुदती साइटवर दिलेल्या आहेत, आधी वाचा. खाली प्रश्न सुटल्याची खूण करून चर्चा बंद केलेली होती.

"सुटला? कुणाचा सुटला?" अक्का म्हणाली. "लिही. बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापतेत. सीडीवर कामून न्हाई? नव्या माणसानं जनावराच्या नावावरून काय वळखायचं?"

"ते पुन्हा बंद करतील."

"करू देत. आपुन पुन्हा उघडू."

मी लिहिलं. चर्चा बंद झाली. तिनं ती पुन्हा उघडायला लावली. तिसऱ्यांदा आमचं खातंच काही दिवस अडवलं गेलं.

त्या दिवसांत अक्कानं चारही संगणकांवर 8.04 बसवलं. कन्नड लिपी उतरली. मग तिनं मार्करनं सीडींवर लिहिलं. ऑक्टोबरची ती 'रब्बी', खाली मुदत संपल्याचा महिना. तीन वर्षांची ती 'बारमाही', तिच्याखालीही मुदत. एप्रिलची कमी मुदतीची आली तर तिला 'खरीप' म्हणायचं, असं भिंतीवर कागद लावून सांगितलं. दुरुस्तीवाला तो कागद वाचून हसला. कागद काढला गेला नाही.

तुकडी जूनमध्ये सुरू झाली. खातं मोकळं झालं त्या दिवशी अक्कानं सीडीवर मुदत का नाही हा प्रश्न पुन्हा टाकायला लावला. त्याला उत्तर आलं नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात केंद्रात लांब मुदतीची नवी सीडी आली. ठाणाकुशनूरहून शिकायला आलेल्या एका मुलीनं तिच्यावर 'बारमाही' लिहिलं आणि खाली मुदत लिहिली.