खिडकीखालची चौकट

कुशनकाकांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटा शिवण्यात घालवलं. स्वतःची गाडी घेण्याचा योग काही आला नाही. तरी पार्किंगचे परवाने निघाले तेव्हा पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहणाऱ्यांत काका होते.

त्यांच्या घरासमोर मोठं हॉस्पिटल. रस्ता सकाळपासून पेशंटच्या नातेवाइकांच्या गाड्यांनी तुंबलेला. कोणी अगदी दारात गाडी आडवी लावून धावत आत जाई. हटकायला जावं, तर त्या माणसाचा चेहरा बघून आपलेच शब्द गिळावे लागत. शेवटी पालिकेने रस्त्याच्या कडेने पांढऱ्या चौकटी आखल्या आणि फलक ठोकले: फक्त रहिवाशांसाठी. घरटी एक परवाना, आणि गाडीचा मालक त्याच घरात राहणारा हवा.

काकांचा मुलगा त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. राहायला मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, बायको आणि मुलीबरोबर. आई गेल्यापासून त्याचं या घरी येणं काकांची औषधं आणून देण्यापुरतं उरलं होतं, तीही तो बऱ्याचदा खालीच ठेवून जाई. फलक लागले तशी त्याची पंचाईत झाली. मग एका संध्याकाळी तो दोन मजले चढून वर आला.

"बाबा, गाडी या पत्त्यावर दाखवली तर?"

"दाखव की. घर तुझंच आहे."

"रोज इथेच लावीन. येता-जाता डोकावेन वर."

या शेवटच्या वाक्यावर काकांनी अर्जावर सही केली.

गाडी रोज येऊ लागली, अगदी खिडकीखालच्या चौकटीत. डोकावणं तेवढं राहिलं. सकाळी ड्यूटीची घाई, संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायचं. काका खिडकीत उभे राहत. तो गाडी लॉक करून वर बघे, हात करी आणि रस्ता ओलांडून जाई.

गाडी घेतली तेव्हा तिची कव्हरं काकांनीच शिवली होती. ड्रायव्हरच्या सीटची शिवण आता उसवून स्पंज बाहेर आला होता. एकदा काका मुद्दाम खाली जाऊन गाडीपाशी थांबले.

"किल्ली ठेवून जा. दुपारपर्यंत शिवून ठेवतो."

"उद्या, बाबा. आज खरंच उशीर झालाय."

काकांनी जाड दोऱ्याला मेण लावून तो मशीनवर काढून ठेवला. उद्या उद्या करत त्या दोऱ्यावर धूळ बसली.

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणायच्या, "नशीबवान आहात हो काका. मुलगा रोज येतो."

"गाडी येते," काका म्हणायचे. दोघंही हसायची.

मग कळलं की पडताळणी होणार आहे. गाडीवाला खरंच त्या घरात राहतो का, हे बघायला पालिकेचं माणूस येणार. आदल्या संध्याकाळी मुलगा बॅग घेऊन मुक्कामाला आला. काकांनी सगळी तयारी करून ठेवली होती. आतल्या पलंगावरचे रेक्झिनचे गठ्ठे हलवले होते, बेसिनवर दुसरा ब्रश ठेवला होता, नव्या सपाता आणल्या होत्या. मुलाने त्या पायात घातल्या, तर टाचा मागून बाहेर.

"बाबा, मी आता शाळेत नाही."

"एका सकाळचं तर नाटक आहे. घे चालवून."

त्या संध्याकाळी दोघं एकत्र जेवले. आईच्या रागावण्याची नक्कल करता करता मुलगा हसला आणि मध्येच ताटाकडे वळला. शिवणीचा विषय काकांनी काढला नाही. एवढ्या दिवसांनी मिळालेली संध्याकाळ त्यांना गाडीवर घालवायची नव्हती.

सकाळी तपासनीस बाई आल्या. त्यांनी ब्रश पाहिला, हँगरवरचा शर्ट पाहिला, आणि सपातांबाहेर आलेल्या टाचांवर त्यांची नजर जरा रेंगाळली.

"मुलगा इथेच राहतो, काका?"

"इथेच. जाणार कुठे?"

बाईंनी शेरा मारला. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या काकांनी विचारलं, "परत कधी येणार?"

"परत कशाला? झालं तुमचं काम. कोणाची तक्रार आली तरच."

त्या गेल्यावर मुलगा पोट धरून हसला. "तुम्ही तर तिला आमंत्रणच देत होतात!" बॅग उचलून तो ड्यूटीवर गेला. शर्ट हँगरवरच राहिला.

पुन्हा गाडी येत राहिली, खालून हात हलत राहिला. पलंगावरच्या चादरीला सुरकुती पडली नाही. एका दुपारी काका खाली उतरले, फलकावरचा तक्रारीचा नंबर त्यांनी उतरवून घेतला आणि वर येऊन फोन लावला. आपल्याच घराचा पत्ता सांगितला.

"तिथला गाडीवाला तिथे राहत नाही. एकदा येऊन बघा."

"आपण कोण?"

"शेजारी," काका म्हणाले. "पण नक्की या हं. आधी कळवून या."

फोन ठेवून त्यांनी चादर धुवायला काढली.

बघायला कोणी आलं नाही. पालिकेने मुलाचा दुसरा पत्ता शोधून काढला आणि परवाना रद्द केला. कळलं त्याच सकाळी मुलगा तरातरा जिना चढून आला.

"शेजाऱ्याने चुगली केली म्हणे! त्या खालच्या बाईच असणार. विचारतोच जाऊन."

"थांब. त्यांचा काही संबंध नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

काकांनी आतल्या खोलीचं दार लोटायला हात पुढे केला. मुलाची नजर आतल्या खोलीत गेली. धुतलेली चादर, उशीला नवा अभ्रा, पलंगाखाली जोडीने मांडलेल्या त्या लहान सपाता. त्याने एक सपात उचलली आणि परत जोडीला ठेवली.

"मला सांगायचं होतंत, बाबा."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

मुलाने हँगरवरचा शर्ट काढला, त्याची घडी केली, काखेत धरली. "गाडी हलवायला सांगितलंय त्यांनी," तो म्हणाला आणि जिना उतरला.

काका खिडकीत उभे राहिले. त्याने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी शिक्षिकाबाईंची गाडी त्या मोकळ्या चौकटीपाशी येऊन थांबली. काच खाली करून त्यांनी विचारलं, "काका, आज जागा रिकामी दिसतेय. मी लावू का?"

"लावा," काका म्हणाले. "उद्याही लावा."