चतुःसीमा

मंगरूळच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारे ते अर्जनवीस मला कधीच सरळ वाटले नाहीत. आपण बोलत असताना ते डोळे मिटून बसायचे, आणि लिहिलेलं वाचून दाखवताना आवाज एकदम गोड करायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या गावामागच्या सरकारी जंगलातली जुनी सागवानं तोडायचा ठेका एकाला मिळाला, तेव्हा त्याविरुद्धचा दावा आम्ही त्यांच्याकडूनच लिहून घेतला.

त्यांनी जंगलात जायचा रस्ता विचारला. “रस्ताच नाई तिथं,” मी म्हणालो.

“मंग तुमी कसे जाता?”

“ते कायले पायजे?”

“चतुःसीमा लिवा लागते, भाऊ; चारी बाजूले काय हाय, वाट कुठून हाय. कोर्ट इचारते.”

मग आम्हीच हौसेनं सांगितलं, की नाला आटला की त्याच्या रेतीतून थेट सागांपर्यंत जाता येतं. त्यांनी डोळे उघडले आणि दोनदा विचारून तेवढं लिहून घेतलं.

दाव्याची नक्कल कायद्यानं ठेकेदाराला गेली. पहिल्या तारखेच्या आतच त्याच्या बैलगाड्या त्या नाल्यातून सागवान भरून बाहेर पडल्या.

मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “हे काहून झालं?”

“मी तं तुमी सांगतलं तेच लिवलं.” त्यांनी कोरा कागद पुढं ओढला, शांतपणे डोळे मिटले. “बरं, उरले झाडं कोन्या बाजूले हायेत? तिकडं कसे जाता?”