उत्तरायणाच्या दुपारी गेलेले बाबा

माझ्या बाबांचा गळा मांजानं कापला गेला.

वर्षभर आम्ही सगळ्यांना 'अपघात झाला' एवढंच सांगतोय. जे झालं ते आज लिहिते.

बाबा वाघोडियाच्या एका कंपनीत फिटर होते. रिटायर झाले तेही तरसालीत आमच्या सोसायटीत कुणाला कळलं नाही, इतका शांत माणूस.

घरात त्यांचा एकच शब्द. "बरं."

आई चिडली की, "बरं."

मी गुजराती मुलाशी लग्न करणार म्हटलं, तेव्हा आईनं दोन दिवस अबोला धरला. बाबा म्हणाले, "बरं. त्याला तिखट चालतं का?"

उत्तरायणात, म्हणजे गुजराती संक्रांतीला, ते स्वतः कधी पतंग उडवायचे नाहीत. फिरकी धरायचे. आधी दादाची, मग माझी, मग जावयाची.

गेल्या वर्षी आदल्या दिवशी त्यांनी माझ्या आणि दादाच्या स्कूटरला मांजा अडवणारी सळी बसवली.

"बाबा, तुमच्या स्कूटरला?"

"मी कुठं लांब जातो?"

सणाच्या दुपारी जेवणाचं उंधियुं आणायचं राहिलं होतं. दादा निघाला, तर बाबांनी त्याच्या हातातला डबा काढून घेतला.

"तू उडव रे. वारा आत्ता कुठं आलाय."

फोन आला तेव्हा गच्चीवर स्पीकर दणदणत होता. आजूबाजूचे सगळे ओरडत होते, "काप्यो छे!"

फोनवर कुणी अनोळखी माणूस होता, मांजा लागलाय म्हणत होता.

"अंकलने दोरी वागी छे. जल्दी आवो."

आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी स्कूटर घरी आणून लावली. डबा हुकाला तसाच होता. आईनं हात लावून बघितला.

अजून कोमट.

दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, पतंग चालूच. शववाहिनी गल्लीतून निघाली तशी एका गच्चीवरचा स्पीकर बंद झाला.

आम्ही कोपऱ्यावर वळलो.

परत सुरू.

पोलीस म्हणाले, "बेन, दोरी कोनी हती, केवी रीते खबर पडे?"

खरंच आहे. दोरी कुणाची होती, कसं कळणार? त्या माणसाला एवढंच माहीत की आपला पतंग कटला. त्यानं लगेच दुसरा बांधला असेल. आजही तो कुठल्यातरी गच्चीवर असेल, घरच्यांबरोबर, मजेत.

आज परत उत्तरायण. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "बधा धाबे आवजो!" आम्ही कुणी गच्चीवर गेलो नाही.

दुपारी आई दिसेना म्हणून खाली गेले. ती गेटवर, झाडावर अडकलेला मांजा ओढून ओढून गोळा करत होती. बोटं कापली होती.

"आई, सोड ते."

तिनं बोटांवरचं रक्त पाहिलं. मग हातातल्या मांजाकडे.

"एवढासा दोरा गं. एवढ्यानं गेले?"

मी तिच्या मुठीतला मांजा सोडवून घेतला.

बाबा, नमस्कार करते.

आईजवळ मी आहे.