सरांची पहिली निवडणूक

“टाळ्या थांबवा!” सुमनताई मागच्या रांगेतून ओरडल्या आणि आमची वार्षिक सभा गपगार झाली.

सर, म्हणजे आमचे संस्थापक-अध्यक्ष, नुकतेच पुन्हा अध्यक्ष झाले होते. पद्धत ठरलेली. शेजारच्या जोशींनी नाव सुचवायचं, ते सूचक. सरांच्या मेहुण्यांनी ‘अनुमोदन’ म्हणायचं, ते अनुमोदक. मग टाळ्या, मग वडापाव. याला बिनविरोध निवड म्हणतात. आणि आमची संस्था काय करते? लोकांना लोकशाही शिकवते! नगरसेवकाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रश्न कसे विचारायचे, याची शिबिरं घेते. मी तिथली को-ऑर्डिनेटर. माईक लावणं आणि भांडणं सोडवणं, दोन्ही माझ्याकडे.

सुरुवातीला पनवेल स्टँडमागची एक खोली, सर आणि मी, एवढाच संसार होता. मग पाण्याच्या टँकरला कंटाळलेले खारघरवाले आले. कारखान्यांच्या वासाने हैराण झालेल्या तळोज्याच्या बायका आल्या. त्यांच्या पुढारी सुमनताई म्हात्रे. चाळ भाड्याने दिलेली, आवाज खणखणीत, भीड कुणाची नाही. सभासद वाढले, शिबिरं वाढली. अध्यक्ष तेवढे तेच.

“सर, तुमीच शिकवलंत ना,” सुमनताई म्हणाल्या, “विचारल्याबिगर मान डोलवायची नाय? मग आमाला कुनी विचारलं? मला उभं रायचंय. मतदान घ्या. नायतर आमी बाया चाललो, आमची आमी संस्था काढू.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी माईककडे.

सभा संपल्यावर केबिनमध्ये सर कडाडले, “यांना हे कुणी शिकवलं?”

“तुम्हीच, सर. मी फक्त माईक धरला.”

“संस्था मी उभी केली!”

“हो सर. पण त्या गेल्या तर निम्मी संस्था उठून जाईल.”

सरांनी पंखा पाचवर केला. मग म्हणाले, “घ्या मतदान.”

गुप्त मतदान ठरलं, चिठ्ठ्या टाकून. आणि उभ्या आयुष्यात निवडणूक न लढवलेल्या सरांच्या अंगात उमेदवार संचारला! पायाला भिंगरी लावून फिरायला लागले. खारघरला त्यांनी ‘सहज स्नेहमेळावा’ ठेवला. बेत मिसळीचा.

“सर, आपल्या शिबिरात आपण याला प्रलोभन म्हणतो.”

“मिसळ? अहो, ती न्याहारी आहे!”

न्याहारीला सुमनताईही आल्या. दोन प्लेटी हाणल्या, वर रस्सा मागितला. “झकास हाय, सर,” म्हणाल्या आणि टेबलाटेबलावर जाऊन स्वतःचाच प्रचार करून गेल्या. सरांच्या मिसळीवर! मला हसू आवरेना. पाव आणायच्या निमित्ताने मी बाहेर सटकले.

निकाल लागला. सर पडले. मेहुण्यांनी कुणाला मत दिलं कोण जाणे, पण ते सरांची नजर चुकवत होते. सरांनी सुमनताईंना हार घातला, चपला शोधल्या आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं. ती पहिली खोली झाडण्यापासून सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. आता हा माणूस काही परत येत नाही, असंच मी धरून चालले.

पुढच्या सभेला सर हजर! मागच्या रांगेत.

नव्या अध्यक्षांनी झोकात सुरुवात केली. “खजिनदार म्हणून आमची भाची चांगली हाय. कुनाची हरकत नाय ना? लिवा मॅडम.”

“हरकत आहे!” सर ताडकन उठले. “नाव एकच कसं? बाकीच्यांना कळवलं होतं का?” एकामागून एक असे प्रश्न काढले, की सुमनताईंना घाम फुटला. अध्यक्ष असताना सरांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

“मॅडम, यांना आवरा की!” सुमनताई माझ्या कानात कुजबुजल्या.

“नियमात बसत नाही, ताई.”

शेवटी भाचीलाही निवडणूक लढवावी लागली. जिंकली ती, पण कष्टाने.

सभासद वाढले की संस्था वाढते, असं इतकी वर्षं मी समजत होते. नाही हो, विरोधक लागतो. आमच्याकडे आता आहे. बिनपगारी, पूर्णवेळ, आणि सभेला सगळ्यात आधी येऊन बसतो.