गार्डाच्या डब्यावरचा पाच

जैनुद्दीन पेंटरांनी चाळीस वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षर असं देखणं की पाटी वाचायच्या नादात गिऱ्हाईक सौदा विसरायचं, निदान पेंटर तरी असंच सांगतात. मग फ्लेक्स आले, ब्रश खुंटीला लागला आणि पेंटर आगगाडीचे वीतभर पत्र्याचे डबे करायला बसले. तांदळाएवढी अक्षरं काही ब्रशनं उठत नाहीत. त्यासाठी छापील कागद मागवायचे. काही अक्षरं कागदाच्या पाठीवर घासून उमटवायची, काही पाण्यात सोडून चिमट्यानं डब्यावर सरकवायची.

या मे महिन्यात त्यांनी गार्डाचा डबा करायला घेतला. मूर्तिजापूरचे पुंजाजी शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीवर गार्ड होते, पेंटरांचे जिवलग. गाडी बंद पडली आणि मागल्या हिवाळ्यात पुंजाजीही गेले. त्यांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, एक जुना फोटो आणून दिला.

"त्यायचा डबा करून देजा, भाऊ. पाह्यल्याबरोबर त्यायचाच वाटला पायजे."

पेंटरांनी शब्द दिला खरा, पण त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

डब्याचा ४१५ हा आकडा चढवायच्या दिवशी त्यांनी भर दुपारी पंखा आणि कूलर दोन्ही बंद केले. नसीमबानो, त्यांची बेगम, कडाडली, "काहून बंद केलं? जीव घेता का आमचा?"

"आकडा उडून जाईन ना!"

पहिला पाच पाण्यात जास्त वेळ राहिला आणि फाटला. दुसऱ्यावर नाकावरचा घाम टपकला. तिसरा शेवटचाच होता. तो पेंटरांनी श्वास रोखून बसवला, अगदी ओळंब्यात.

रविवारी गोदाबाई आल्या. डबा हातात घेऊन त्यांनी चारी बाजूंनी पाहिला आणि परत खाली ठेवला.

"काय झालं, वहिनी?"

"लय सुरेख आहे, भाऊ. पण हा त्यायचा नाही."

पेंटरांचा चेहरा उतरला. गोदाबाईंनी पाचावर बोट ठेवलं. "झेंडी दाखवताना ते एक हात इथं टेकत. पाच अर्धाच राह्यला होता. रंग देला तरी पुन्हा घासल्या जाये."

फोटोतही पाच अर्धाच होता. फोटो जुना, खराब झाला असेल, असं समजून पेंटरांनी तो पुरा करून टाकला होता. पाट्या रंगवणाऱ्याला अपुरा आकडा बघवतच नाही, त्याला कोण काय करणार!

नशीब, वरून वार्निश मारायचं राहिलं होतं. पण आपल्या हातचं अक्षर पेंटरांनी जन्मात पुसलं नव्हतं. त्यांनी डबा गोदाबाईंपुढे सरकवला. "तुमीच घासा."

गोदाबाई ओल्या अंगठ्यानं हळूहळू घासू लागल्या. अर्धा पाच गेला, तरी अंगठा तिथंच. पेंटरांचे डोळे भरून आले.

"बस, वहिनी. सगळाच जाईन."

"घासत नाही, भाऊ," गोदाबाई म्हणाल्या. "नुसता हात टेकून राहिली."