दहावी ओळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचा वास गल्लीत आला की मला सातवीतली एक मुलगी आठवते. राजेगावकडच्या शाळेत मी तेव्हा शिक्षिका म्हणून नवीन होते. भाषेच्या तासाला ‘आमच्या घरचा पोळा’ यावर दहा ओळी लिहायला दिल्या, तर तिच्या वहीत एकच ओळ होती, ‘आमच्या घरी पोळा होत नाही.’ मला वाटलं, कामचुकारपणा. ‘दहा ओळी झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही,’ मी दरडावलं. मधली सुट्टी संपेपर्यंत ती एकटी मान खाली घालून लिहीत होती. बाबा बैल धुतात, शिंगं रंगवतात, आई पुरणपोळी करते. इतकं छान उतरलं होतं की मी तिला वर्गापुढे वाचायला उभं केलं. ती न अडखळता वाचत गेली. मग तिच्या शेजारी बसणारी हळूच म्हणाली, ‘मॅडम, हिचे बाबा पोळ्याच्याच दिवशी वारलते. तवापासून त्यायच्या घरी पोळा करत नाईत.’ ज्या सणाला घरातलं माणूस जातं, तो सण आमच्याकडेही करत नाहीत. तरी मला साधं ‘काहून?’ विचारायचं सुचलं नव्हतं. आता मी एका ओळीलाही पूर्ण गुण देते. तिची दहावी ओळ मात्र अजून पाठ आहे: ‘दिवस बुडाला की बाबा बैल घेऊन घरी येतात.’